कम्युनिटी कॉलेजमार्गे युसी: कॅलिफोर्नियातील एका पालकाचा अनुभव

ट्रान्सफर घ्यायचेच, म्हणजे एकीकडे सुरुवात करून मधूनच दुसऱ्या विद्यापीठात जायचे, हे आधीपासून ठरलेले असेल, तर कॅलिफोर्नियात तरी सुरुवात कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, करणे अधिक सोयीचे आहे, असे माझे मत झाले आहे. आमच्या मुलीला एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. तेथे दोन वर्षे काढून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे युसीत, जीवशास्त्रासाठी जायचे असा तिचा बेत होता. बऱ्याच चर्चेनंतर तिने बे एरियातले घराजवळचे कम्युनिटी कॉलेज निवडले. आता पहिले सत्र संपून दुसरे निम्म्यावर आले आहे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. कम्युनिटी कॉलेजात राज्यातील रहिवाशांना एका युनिटमागे (विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर फी पडते आणि युसीत तिसऱ्या वर्षाला दाखल होण्यासाठी ६० सेमिस्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची शिकवणीची फी २,७६० डॉलर होते. युसीची एका वर्षाची फीच १४ हजार डॉलरच्या वर आहे, आणि राहण्याजेवण्याचा खर्च निराळा. राज्यात नव्याने आलेल्या कुटुंबांना मात्र रहिवासी दरासाठी एक वर्ष आणि एक दिवस थांबावे लागते. एच-४ वरील, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसावरील पालकांसोबत आश्रित व्हिसावर आलेल्या, मुलांनाही ही अट पूर्ण केल्यावर तो दर मिळू शकतो. परंतु वयाच्या २१व्या वर्षी एच-४ संपतो आणि ट्रान्सफर घेणाऱ्या मुलांचे ते वय बहुधा युसीतल्या पहिल्याच वर्षात येते, याचा विचार आधीच केलेला बरा.

पैशांपेक्षाही आमचा निर्णय ठरला तो ट्रान्सफरच्या व्यवस्थेवर. युसी ट्रान्सफरच्या अर्जांत राज्यातील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देते. ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आपल्या कॉलेजचा कोणता विषय युसीच्या कोणत्या कॅम्पसवर कशाच्या बदल्यात धरला जातो, याचा तक्ता मिळतो. खासगी विद्यापीठातून येणाऱ्याला असा तयार तक्ता नसतो. शिवाय डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक गुण आणि विषय पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. तिला ‘टॅग’ म्हणतात आणि ती एकाच कॅम्पससाठी मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत, आणि संगणकशास्त्रासारखे जास्त मागणीचे विषय काही कॅम्पसांनी तिच्यातून वगळले आहेत. ‘कम्युनिटी कॉलेज केले की बर्कली नक्की’ असे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ऐकू येते, त्यावर विसंबू नये.

या मार्गात सवड फार कमी आहे, हे प्रत्यक्ष वर्ग सुरू झाल्यावर कळले. रसायनशास्त्राचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही आणि दुसऱ्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येत नाही, त्यामुळे पहिल्या सत्रात जागा हुकली की पुढची सगळी साखळी घसरते. नव्या विद्यार्थ्यांची नोंदणी उशिरा उघडते. आमच्या मुलीची पाळी आली तेव्हा प्रयोगशाळेच्या सर्व जागा भरल्या होत्या आणि तिचे नाव प्रतीक्षायादीत गेले. नाव यादीत असूनही पहिल्या तासाला हजर राहावे लागते. त्या दिवशी न आलेल्यांची नावे कमी झाल्यावर प्राध्यापकांनी तिला ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव नोंदवण्याचा परवानगी-क्रमांक, दिला, तेव्हा कुठे घरात सर्वांचा जीव भांड्यात पडला. विषयनिवडीचा सल्ला देणाऱ्या कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ मिळायला तर इतका उशीर लागला की दोन वर्षांचा आराखडा तिने असिस्ट उघडून स्वतःच केला आणि नंतर त्यांच्याकडून तपासून घेतला.

युसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावा लागतो, म्हणजे तेव्हा हाताशी पहिल्या वर्षाचेच गुण असतात आणि चालू सत्राचे गुण जानेवारीत कळवायचे असतात. ‘पहिले वर्ष रुळण्यात गेले’ ही सबब येथे चालण्यासारखी नाही.

शिकवण्याबद्दल मात्र तक्रार नाही. वर्ग लहान आहेत, प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि शंका विचारायला गेल्यास ओळखतात. नोकरी सांभाळून येणाऱ्या मोठ्या वयाच्या सहाध्यायींमुळे अभ्यासाचे गांभीर्यही वाढले आहे. उणीव आहे ती सहवासाची: तास संपला की जो तो आपल्या गाडीकडे वळतो, वसतिगृहात जुळतात तशी मैत्री येथे जुळत नाही, आणि ही बाब तिला अजूनही खटकते. म्हणूनच हव्या त्या विद्यापीठात हव्या त्या विषयाला पहिल्याच वर्षी प्रवेश मिळाला असेल आणि खर्च झेपत असेल, तर केवळ बचतीपायी तो सोडावा असे मी कोणाला सांगणार नाही.