घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय, मिनी पीसी की तयार नॅस?

घरी सर्व्हर लावायचं म्हटलं की बहुतेक जण आधी प्रोसेसर बघतात. फोटो साठवणं, जाहिराती अडवणं, घरातले दिवे-पंखे चालवणं अशा कामांत प्रोसेसर दिवसाचा बराचसा वेळ नुसता बसून असतो. म्हणून मी आधी दोनच गोष्टी विचारतो. काही काम नसताना यंत्र किती वीज खातं? आणि उद्या ते मेलं, तर त्यातली डिस्क काढून दुसरीकडे वाचता येईल का?

विजेचा हिशेब सोपा आहे. १० वॉट खाणारं यंत्र वर्षभर चालू ठेवलं तर सुमारे ८८ युनिट होतात. १०० वॉटचं ८७६. कंपन्यांनी मोडीत काढलेले रॅक सर्व्हर स्वस्त मिळतात, पण ते या दुसऱ्या गटातले, शिवाय पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. ते सोडून द्या.

रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक रिकामा असताना तीन-चार वॉटवर भागवतो. पाय-होल (जाहिराती अडवणारं), होम असिस्टंट (दिवे-पंखे चालवणारं), वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कवर सुरक्षित येण्यासाठी) एवढंच चालवायचं असेल तर पुरे. अडचण साठवणुकीची. डेटाबेस सतत लिहीत राहतो आणि एसडी कार्ड त्याला फार काळ पुरत नाही. मग एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी), तिच्यासाठी जोडबोर्ड, कूलर, ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय असं एकेक घेत गेलात की खर्च वापरलेल्या मिनी पीसीच्या आसपास पोचतो. सिनेमांसाठी तर घेऊच नका. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोडिंगसाठी हार्डवेअरच ठेवलेलं नाही, त्यामुळे जेलीफिन या सिनेमे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला फॉरमॅट बदलून दाखवायची वेळ आली की सगळा भार चार कोअरवर पडतो.

माझं मत ऑफिसांतून निघालेल्या मिनी पीसीकडे झुकतं. थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी ही त्यांतली नावं. रिकामे असताना साधारण आठ ते पंधरा वॉट, आणि इंटेलच्या क्विक सिंकमुळे व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे जातं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीतले जवळजवळ सगळे प्रोसेसर नाकारतं. विंडोजऐवजी लावता येणाऱ्या लिनक्सला त्याचं काहीच नाही. एचईव्हीसी या फॉरमॅटमधला १०-बिट व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडण्याची सोय नेमकी याच पिढीपासून आली. त्यामुळे विंडोजवाल्यांना नकोसं झालेलं हे यंत्र आपल्या कामाचं आहे. नवंच हवं असेल तर एन१०० चिपवाले डबे बघा: चार कोअर, ६ वॉटचा टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाचा आकडा), एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं डिकोडिंगही.

मिनी पीसीची खोट म्हणजे जागा. एक एम.२ (पट्टीसारखी एसएसडी) आणि एक अडीच इंची डिस्क, बस. मोठ्या साडेतीन इंची डिस्क आत बसत नाहीत. त्या यूएसबीवर बाहेर लटकवता येतात, पण अनेक डिस्क एक संच म्हणून चालवणारा रेड यूएसबीवर उभा करू नका. क्षणभर जोडणी तुटली तरी डिस्क संचातून बाहेर पडते.

जुना लॅपटॉपही चालतो, आणि बॅटरी आयता यूपीएस होते. मात्र कायम चार्जरला लावलेली बॅटरी फुगू शकते, तेव्हा बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर ठेवा. ती सोय नसेल तर बॅटरी काढूनच वापरा.

आता तयार नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा डिस्कचा डबा. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा डबा आणला, डिस्क सरकवल्या, संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या फोनचे फोटो त्यात जायला लागतात. पैसे सॉफ्टवेअरचे मोजायचे, प्रोसेसर मात्र बेताचा. आणि धोरण कंपनीच्या हातात. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलांत दुसऱ्यांच्या डिस्कवर बंधनं घातली, टीका झाली, त्याच वर्षी आपल्या डीएसएम ७.३ या सॉफ्टवेअरमध्ये ती सैल केली. डब्याचं काय बिघडेल याची भीती मला कमी वाटते, कारण सिनॉलॉजीच्या एसएचआर या डिस्क जोडण्याच्या पद्धतीच्या पोटात लिनक्सचीच एमडीएडीएम आणि एलव्हीएम ही साधनं आहेत. डिस्क लिनक्स पीसीला लावून वाचता येतात. देखभालीचा कंटाळा असलेल्यांनी हाच घ्यावा.

सॉफ्टवेअर निवडताना माझा दुसरा प्रश्न, डिस्क दुसरीकडे वाचता येईल का हा, जास्त कामाला येतो. एक-दोन डिस्क असतील तर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन). ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमची डिस्क कुठलंही लिनक्स वाचतं, आणि डॉकरची सगळी मांडणी लिहिलेली कंपोझ फाइल जपून ठेवली की नव्या यंत्रावर सगळा संसार पुन्हा मांडता येतो. कमांडचा धाक वाटत असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट. तेही डेबियनच, वर वेब पॅनल. एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सची शिफारस फार होते. व्हर्च्युअल मशीन मोडून-जोडून शिकायचं असेल तर झकास, पण नुसत्या जेलीफिनसाठी एक थर उगाच वाढतो.

खरी चुरस चार-सहा डिस्क झाल्यावर. ट्रूनॅस या नॅस सॉफ्टवेअरची झेडएफएस फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, म्हणजे गुपचूप खराब झालेला डेटा पकडला जातो. तिला डिस्क थेट हव्यात, मध्ये रेड कार्ड नको, आणि एसएमआर प्रकारच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क तर नकोच. झेडएफएसच्या रेड-झेड या संचात एकेक डिस्क वाढवता येत नाही ही जुनी तक्रार ओपनझेडएफएस २.३ ने जानेवारी २०२५ मध्ये मिटवली. अनरेड या दुसऱ्या नॅस सॉफ्टवेअरला परवाना विकत घ्यावा लागतो आणि लिहिण्याचा वेग कमी, पण वेगवेगळ्या मापाच्या डिस्क एकत्र नांदतात. त्याच्या नेहमीच्या अॅरेमध्ये प्रत्येक डेटा डिस्कवर स्वतंत्र फाइल सिस्टिम असते, म्हणून दोन डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्यांवरचं सगळं शाबूत राहतं. सिनेमांच्या साठ्याला अनरेड, घरच्या फोटोंना झेडएफएस, अशी मी वाटणी करीन.

यातलं काहीही घेतलंत तरी रेडला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल सगळीकडून एकदमच जाते. एक प्रत घराबाहेर हवीच, तिच्यासाठी डिस्कचे पैसे आधीच बाजूला काढा. बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं तर राउटरवर पोर्ट उघडत बसण्यापेक्षा वायरगार्ड वापरा. इंटरनेट कंपनीने स्वतंत्र पब्लिक आयपी दिलेला नसेल तर वायरगार्डवरच उभी असलेली टेलस्केल ही सेवा.