जळजळ आणि पोटफुगीवर ‘मुळापासून इलाज’ विकणाऱ्यांनी चालवलेली लूट

पहिल्या घोटात आराम पडतो आणि माणूस तिथेच अडकतो. ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ असं छापलेली पावडर पाण्यात घालायची, प्यायची, आणि पाच मिनिटांत छातीतली आग थंड. इतक्या झटपट कुठलंही मूळ किंवा साल काम करत नाही. खाण्याचा सोडा मात्र करतो, आणि लेबलवर त्याचा पत्ता नसतो.

डबा उघडल्या उघडल्या एक गोष्ट करा. काचेच्या ग्लासात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घ्या आणि त्यात पाव चमचा पावडर कोरडीच टाका. नुसती झाडपाल्याची भुकटी तरंगते नाहीतर तळाला बसते. सोडा असेल तर टाकताक्षणी चरचर आवाज होतो, बारीक बुडबुड्यांचा फेस वर चढतो, आणि तो निवला की हिरवट-तपकिरी गाळ खाली राहतो. त्या गाळाला औषध म्हणून विकलेलं असतं. काम केलं ते फेसाने.

1 ग्रॅम सोड्यात साधारण 274 मिलिग्रॅम सोडियम असतं. सपाट चमचाभर सोडा 5 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ 1,370 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादाच 2,000 मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला ‘दिवसातून दोनदा, कितीही महिने’ असं सांगून हे पाजणं म्हणजे सरळसरळ गुन्हा आहे. शिवाय 1 ग्रॅम सोडा आम्लाशी पूर्ण मिसळला की हिशोबाने सुमारे 300 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काही रक्तात शोषला जातो, काही ढेकरेवाटे निघतो, उरलेला पोट ताणतो. जळजळीवर दिलेली पावडरच पोट फुगवते! मग फुगलेल्या पोटासाठी हेच लोक दुसरा डबा पुढे करतात.

त्या दुसऱ्या डब्यावर ‘आतडी शुद्ध करणारं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. घटकांच्या यादीत सेन्ना किंवा सोनामुखी दिसली की समजा हा रेच आहे. जुलाब झाल्यावर पोट हलकं वाटणारच. रोज घेत राहिलं की पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो.

आणि तो क्षण, ज्याचा विचार आला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते: पावडर थांबवली की जळजळ परत येते, आणि विक्रेता शांतपणे सांगतो, “शरीरातली विषं बाहेर पडतायत, डोस दुप्पट करा.” खोटेपणा उघडा पडतो तो नेमका इथे. सोड्याचा असर तासाभरातच ओसरतो, त्यामुळे आग परत येणं अटळच असतं. खरी आम्लरोधक गोळी बरेच आठवडे घेऊन एकदम बंद केली तरीही असंच होतं. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाची काहीही तक्रार नसलेली 120 निरोगी माणसं घेतली होती. निम्म्यांना 8 आठवडे रोज 40 मिलिग्रॅम इसोमेप्रॅझोल हे आम्ल दाबणारं औषध दिलं आणि मग बंद केलं. पुढच्या चार आठवड्यांत त्यांच्यातल्या 44 टक्के लोकांना आम्लाचा त्रास सुरू झाला, तर सुरुवातीपासून नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत तो 15 टक्क्यांना झाला. आम्ल दाबून ठेवलं की गॅस्ट्रिन, म्हणजे जठराला आम्ल सोडायला सांगणारं संप्रेरक, वाढतं, आणि दाब काढला की जठर काही काळ जास्तीचं आम्ल सोडतं. यात विषबिष काही नसतं. गोळी सोडायची ती डॉक्टरांना विचारून, डोस हळूहळू उतरवत. मधल्या दिवसांत जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध घेतलं तर जठरातल्या अन्नावर त्याचा थर धरतो आणि बराच आधार मिळतो.

‘आधी आणि नंतर’चे फोटोही असेच. पोटफुगीचा घेर सकाळी कमी असतो, संध्याकाळी वाढतो. ‘आधी’चं माप जेवल्यावर, पोट सैल सोडून घेतात. ‘नंतर’चं सकाळी उपाशीपोटी, श्वास आत ओढून. पोटफुगीच्या अनेक रुग्णांत आत वायू फार नसतोच. जेवणानंतर श्वासपटल खाली दाबलं जातं, पोटाचे स्नायू सैल सुटतात आणि घेर वाढतो. यावर जेवणानंतर 5 ते 10 मिनिटं पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो, आणि तो फुकट आहे.

तपासण्यांच्या नावाने होणारी लूट वेगळीच. रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड मोजून ‘तुम्हाला हे साठ पदार्थ सोसत नाहीत’ अशी यादी देतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे याची शरीराने ठेवलेली नोंद. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 सालीच सांगून टाकलंय की या चाचणीवर आहार ठरवू नका. लाळेची आम्लता मोजणारी पीएच पट्टी जठरातल्या आम्लाबद्दल काहीच सांगत नाही. आणि अल्कलाइन पाणी? नुसता पीएच 9 असलेल्या 1 लिटर पाण्यातला सगळा अल्कधर्म पीएच 2 असलेल्या 1 मिलिलिटर आम्लात संपतो.

जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची बोट टोचून होणारी चाचणी घेऊ नका. जंतू गेल्यावरही प्रतिपिंडं कितीतरी महिने रक्तात राहतात. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करा. त्याआधी ओमेप्रॅझोल गटातल्या आम्ल दाबणाऱ्या गोळ्या 2 आठवडे आणि प्रतिजैविकं 4 आठवडे बंद असायला हवीत, नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ येतो.

फसणाऱ्याला मूर्ख ठरवणाऱ्यांनी एक रात्र आंबट पाणी घशाशी घेऊन बसून काढावी. बहुतेकांनी आधी डॉक्टरांची गोळी घेतलेलीच असते, पण ती कशी घ्यायची हे कोणी धड सांगितलेलं नसतं. ओमेप्रॅझोल 20 मिलिग्रॅम जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायचं असतं, कारण जेवताना चालू झालेल्या आम्लाच्या पंपांनाच ते पकडतं. झोपताना भरल्या पोटी घेतलं तर असर कमी पडतो. मग ‘अ‍ॅलोपथीने काही होत नाही’ म्हणत टपून बसलेल्यांना गिऱ्हाईक आयतंच मिळतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरचे ठोकळे ठेवा, उशांचा ढीग नको, त्याने पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. जेवण आणि आडवं होणं यात तीन तास जाऊ द्या. एवढं सांगायला किती वेळ लागतो?

तक्रार करायला गेलं की खरा संताप होतो. औषध खातं म्हणतं, हे पूरक अन्न आहे, अन्न खात्याकडे जा. अन्न खातं म्हणतं, पत्रकात रोग बरा करण्याचा दावा आहे, म्हणजे हे औषध झालं, तिकडे जा. पोलीस म्हणतात, तुम्ही स्वतःहून घेतलंत, हा व्यवहाराचा वाद आहे. विक्रीची वेबसाइट म्हणते, आम्ही फक्त जागा देतो. बँक म्हणते, खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी तुम्हीच दिलीत. डबा उघडला म्हणून नमुना घेणार नाहीत, आणि न उघडता त्यात काय आहे ते कळणार कसं, याचं उत्तर कोणाकडेच नाही. प्रत्येक खिडकीवर नवा अर्ज, नवी पोच. तोवर तीच पावडर नव्या नावाने, नव्या लेबलवर परत विकायला येते. अधिकाऱ्यांनी ग्लासभर व्हिनेगर टेबलावर ठेवलं तरी निम्मे डबे तिथल्या तिथे पकडले जातील.

‘मोफत नमुना, 14 दिवस’ यातले दिवस ऑर्डरपासून मोजतात, पार्सल मिळाल्यापासून नाही. त्यांच्या अ‍ॅपवर रद्द करून भागत नाही, आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी बँकेतच जाऊन काढून टाका.

गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, आपोआप घटणारं वजन, रक्तक्षय यातलं काहीही असेल तर पावडर ठेवा बाजूला आणि दुर्बिणीच्या तपासणीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. पन्नाशीनंतर बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगायला लागलं तर अंडाशयाची तपासणी करून घ्या, ‘गॅस आहे’ म्हणून कोणी परत पाठवलं तरीही. घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी कळ ही जळजळ समजू नका, थेट इस्पितळ गाठा.

आणि डबा फेकू नका. अर्धा झाला असला तरी झाकण घट्ट लावून ठेवा, बॅच क्रमांकाचा आणि पत्रकातल्या दाव्यांचा फोटो काढा, ‘डोस दुप्पट करा’ हा संदेश जपून ठेवा. दोन्ही खात्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र द्या आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या खात्यालाही हेच पत्र दिल्याचं लिहा.