किटलीचा दिवा गेला म्हणून मी खूश झालो होतो

गॅरेजवाले कसे गंडवतात हे कोणाला नव्याने सांगायची गरज नाही, मलाही माहीत होतं, तरी 46,750 रुपये घालवून बसलोय. वर टोइंगचे 1,800 आणि दुसऱ्या मेस्त्रीने इंजिन खोलायचे 3,200 घेतले ते वेगळेच, म्हणजे एकूण 51,750. गाडी 2010 ची, 1,18,000 किमी झालेली, विकायला काढली तरी याच्या दुप्पट आले नसते. त्यामुळे "एवढे पैसे जुन्या गाडीला घातलेच कशाला" हे विचारू नका, घरात ते रोज ऐकतोय.

सुरुवात अशी झाली की गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवरची ऑइलची लाल किटली लुकलुकायची, जरा रेस दिली की जायची. सोबत खालून ठक ठक ठक असा जड आवाज. टॅपेटचा आवाज मला कळतो, तो वरून येतो आणि शिलाई मशीनसारखा टिकटिक असतो, हा तसा नव्हता, हा कोणीतरी आतून दार वाजवल्यासारखा आणि रेसवरून पाय उचलला की जास्तच. डिपस्टिक काढून बघितली, ऑइल दोन खुणांच्या मधे बरोबर होतं. म्हणजे मी काही अडाण्यासारखं वागलो नाही, दुसऱ्याच दिवशी गॅरेजला टाकली.

गॅरेजवाल्याने लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला लावून दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाला "साहेब, बिगेंड गेलंय, क्रँक ग्राइंड करून 0.25 ची बेअरिंग टाकावी लागतील." म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला, इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथे जोडतो तिथली बेअरिंग झिजलीत, क्रँक घासून 0.25 मिमीने जाड बेअरिंग बसवायची. एवढंच. प्रेशर गेज लावला नाही, एकेका प्लगची वायर काढून कुठल्या सिलिंडरला आवाज कमी होतो तेही बघितलं नाही. गेज लावणं म्हणजे काय असतं, ऑइल प्रेशरचा स्विच काढायचा, त्याच भोकात गेज बसवायचा, पंधरा मिनिटांचं काम. कारण किटली लागते तेव्हा नुसता स्विच खराब असू शकतो, ऑइल पातळ झालेलं असू शकतं, चेंबरमधली, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली, जाळी चोक असू शकते, पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह असू शकतो, आणि सगळ्यात शेवटी बेअरिंग. गेज न लावता इंजिन खोलू म्हणणाऱ्याकडून गाडी उचलून सरळ निघा. हे मला आता कळतंय, तेव्हा मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून भारावलो होतो.

20,000 ॲडव्हान्स यूपीआयने. पाच दिवसांनी "क्रँक लेथवाल्याकडे गेलाय, त्याला रोख लागतं" म्हणून 12,000 रोख. व्हॉट्सॲपवर चकचकीत क्रँकचा फोटो पण पाठवला. मी तो फोटो ऑफिसात दोघांना दाखवला, काय सांगू. शेवटी डिलिव्हरीला 14,750 रोख, बिल मागितलं तर "पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी लागेल साहेब, तुमचंच नुकसान." दिली एक कच्ची चिठ्ठी, नाव नाही, शिक्का नाही, गाडीचा नंबर नाही. जुनी बेअरिंग मागितली, तर ती म्हणे लेथवाल्याकडेच राहिली.

आता ऐका तो क्षण. मी गाडीत बसलो, चावी ऑन केली, अजून स्टार्टर मारला नव्हता. बॅटरीचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. किटली लागली नाही. आणि मी, ज्याला बारा वर्षं ड्रायव्हिंग येतं तो मी, मनात म्हणालो वा, दिवा गेला बुवा एकदाचा! अरे इंजिन बंद असताना प्रेशर शून्य असतं, तेव्हा किटली लागलीच पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझली पाहिजे. सुरू व्हायच्या आधीच दिवा नाही म्हणजे बल्ब किंवा स्विच गेलाय, नाहीतर कोणीतरी बल्ब किंवा वायर काढलीय. समोर दोन दिवे लागलेले आणि मधे एक काळा चौकोन, एवढा ढळढळीत पुरावा नाकासमोर होता आणि मी त्याला थँक्यू म्हणून हात मिळवून निघालो. रात्री झोपताना अजूनही तो काळा चौकोन दिसतो, खोटं नाही सांगत.

बायको पहिल्याच फेरीत म्हणाली होती, "अहो, बारीक आवाज येतोय की अजून." मी म्हणालो नवीन बेअरिंग आहेत, बसायला वेळ लागतो. हे वाक्यसुद्धा त्याचंच होतं, मी फक्त पोपटासारखं घरी आणलं. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला एक दिवसाआड फिजिओला न्यायचं होतं, गाडी हातात आली यातच मी सुटलो होतो. आणि ट्रायल दिली सकाळी थंड इंजिनवर, आत 20 डब्ल्यू 50 चं जाड ऑइल आणि वर आवाज दाबायचा डबा ओतलेला. थंड असताना असलं काहीही गोड वाजतं. ट्रायल घ्यायची तर अर्धा तास चालवून, इंजिन पूर्ण तापल्यावर, नाहीतर घेऊच नका.

19 दिवस, 640 किमी. घाट चढताना आवाज एकदम हातोड्यासारखा सुरू झाला आणि किटली अर्थातच गप्प. बाजूला घेऊन बंद केली तेवढं एक शहाणपण केलं.

दुसऱ्या मेस्त्रीने आधी स्विचकडे हात घातला आणि हसला. वायर काढून काळ्या टेपने गुंडाळून मागे खोचलेली. गेज लावला, गरम आयडलला 4 पीएसआय, 2,000 आरपीएमला 11, जिथे ढोबळ हिशोबाने 20 च्या आसपास तरी हवं. ऑइल फिल्टर कापून कागदाची घडी उलगडली तर उन्हात जरीसारखी चमकी, चुंबकाला न चिकटणारी, म्हणजे बहुतेक बेअरिंगचीच. चेंबर खाली काढला. जाळीत जुना काळा गाळ तसाच, आणि त्यावर चेंबर परत चिकटवताना थापलेल्या लाल सिलिकॉनच्या शेवया अडकलेल्या. म्हणजे चेंबर उघडला होता हरामखोराने, जाळी डोळ्यासमोर होती, ती डिझेलमधे धुवायचे कष्ट घेतले नाहीत, उलट आणखी बुजवली. बेअरिंगचे कप काढून मेस्त्रीने माझ्या तळहातावर उलटे ठेवले. पाठीवर कोरलेलं असतं, 0.25 असायला हवं होतं, होतं एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, मूळ मापाचं. जुनेच. पुढून घासून तांबं दिसायला लागलेलं. क्रँकला लेथ लागलेलीच नाही. तो व्हॉट्सॲपचा फोटो दाखवला तर म्हणाला, "साहेब, हा चार सिलिंडरचा क्रँक आहे, तुमची गाडी तीन सिलिंडरची." मोजता येत होतं हो मला, तीनपर्यंत.

मग सुरू झाला दुसरा तमाशा. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, अर्ज न वाचताच "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हणालो न केलेल्या कामाचे पैसे घेतले, दुसऱ्याच इंजिनाचा फोटो पाठवला, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात, आधी 420 होतं ते आता न्याय संहितेत 318 आहे. त्यावर उत्तर काय, "वकील आहात का?" अर्जाच्या कॉपीवर पोचशिक्का मागितला तर शिक्क्याचं पॅड वाळलंय. पॅड! तिसऱ्या फेरीला मी स्वतः 40 रुपयांचं पॅड घेऊन गेलो, तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे तो रजेवर. ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, त्यांनी पक्कं बिल अपलोड करा सांगितलं, मी लिहिलं की बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे, 23 दिवसांनी मेसेज आला की समोरच्या पार्टीने प्रतिसाद न दिल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. म्हणजे चोराने फोन उचलला नाही म्हणून केस संपली. आरटीओत विचारलं तर गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. मग येतं कोणाच्या?

जिल्हा ग्राहक आयोगात आता केस टाकतोय. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, एवढं तरी बरं आहे. रोख दिलेल्या 26,750 चा पुरावा शून्य, यूपीआयचे 20,000 तेवढे दिसतात, म्हणून रोख मागितलं की तिथेच थांबा. त्याचं "क्रँक झाला, बेअरिंग टाकली" हे चॅटवर आहे ते मी एक्सपोर्ट करून ठेवलंय, तुम्हीही फोनवर बोलू नका, लिहून घ्या. गाडी टाकताना किलोमीटरचा आणि चावी ऑन केलेल्या डॅशबोर्डचा फोटो काढा, घेताना परत काढा.

अडलंय ते एका कागदावर. इंजिनात काय सापडलं ते लेखी हवंय आणि दुसरा मेस्त्री, ज्याने सगळं मला हातात धरून दाखवलं, तो सही करायला तयार नाही. "साहेब, रोज एकाच लेथवाल्याकडे उठबस आहे आमची, तोंडी हवं तितकं सांगतो." ते सहा कप प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या ड्रॉवरमधे आहेत, इंजिन अजून उघडंच ठेवलंय. असला रिपोर्ट लिहून देणारा एखादा सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाईलचा चार्टर्ड इंजिनिअर कोणाच्या ओळखीत असेल तर सांगा, त्याची जी फी असेल ती देईन, पण पक्क्या पावतीवर.