शैक्षणिक सवलत आणि पंतप्रधान शिष्यवृत्ती: दोन्ही योजना वापरल्यानंतरचा अनुभव

लष्करी कारवाईत वीरमरण आलेल्या सैनिकांच्या मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या दोन मुख्य योजना आहेत. त्या वेगवेगळ्या कार्यालयांतून चालतात, त्यांचे नियम वेगळे आहेत आणि पैसे मिळण्याची रीतही वेगळी आहे. आश्चर्य याचे वाटते की, मला आजवर भेटलेल्या बहुतेक वीरपत्नींना त्यांतली लहान योजना ठाऊक होती आणि मोठी योजना ठाऊक नव्हती. माझी मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा खर्च मोठ्या योजनेतून, म्हणजे शैक्षणिक सवलतीतून, चालतो. मुलगा साताऱ्यातच बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते. दोन्हींचा अनुभव एकाच घरात असल्यामुळे तो सविस्तर लिहून ठेवत आहे.

पहिली योजना म्हणजे शैक्षणिक सवलत. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ पासून ती लागू झाली. कारवाईत मरण पावलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी ती आहे. येथे ठरावीक मासिक रक्कम मिळत नाही, तर झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती होते. त्यात संपूर्ण शिक्षण शुल्क, वसतिगृहाचे शुल्क, ये-जा करण्याचा खर्च आणि पुस्तके, गणवेश यांसाठी छोट्या वार्षिक रकमा येतात. देणगी आणि अनामत रक्कम त्यात बसत नाही. ही सवलत पहिल्या पदवीपर्यंत मिळते आणि संस्था सरकारी, अनुदानित किंवा केंद्र वा राज्य सरकारची मान्यता असलेली असावी लागते.

दुसरी योजना पंतप्रधान शिष्यवृत्तीची. २००६-०७ मध्ये सुरू झालेली ही योजना माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणाचे काम पाहणारे केंद्रीय सैनिक बोर्ड चालवते आणि तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून, म्हणजे लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांतून येतो. दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, निम्म्या मुलींना आणि निम्म्या मुलांना. २०१९ मध्ये रक्कम वाढवून मुलींसाठी महिना ३,००० आणि मुलांसाठी महिना २,५०० रुपये करण्यात आली, आणि ती वर्षातून एकदा एकत्रित जमा होते. त्याच निर्णयाने दहशतवादी व नक्षलवादी हल्ल्यांत मरण पावलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांसाठीही वेगळ्या ५०० शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यांचा मार्ग सैनिक बोर्डाचा नाही. पण गडचिरोलीतील कुटुंबांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे, म्हणून येथे नोंदवते.

माझे पती मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. काश्मीरमधील एका कारवाईत त्यांना वीरमरण आले तेव्हा मुले प्राथमिक शाळेत होती. त्या वेळी हातात आलेल्या कागदांपैकी पुढे सर्वांत उपयोगी पडलेला कागद म्हणजे मृत्यूची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी असल्याचा दाखला. सेवेत असताना आजाराने किंवा अपघाताने झालेल्या मृत्यूची नोंद ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ अशी होते आणि या एका नोंदीवर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. शैक्षणिक सवलतीचे दार पहिल्या नोंदीमुळे उघडते. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मात्र दोघांनाही जागा आहे, फक्त अग्रक्रम वेगळा आहे: कारवाईत मरण पावलेल्यांची मुले पहिल्या गटात येतात आणि सेवेशी संबंधित कारणाने मरण पावलेल्यांची तिसऱ्या गटात. ज्या भगिनींना आपली नोंद कोणती हे माहीत नसेल, त्यांनी आपला पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, काढून पाहावा. उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे कारवाईत मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला मिळणारे वाढीव निवृत्तिवेतन, मंजूर झाले असेल, तर त्याचा उल्लेख तेथे असतो.

मुलीचे प्रकरण सुरू झाले ते पतींच्या रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहाराने. सेवापुस्तकात मुलांची नावे ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे कौटुंबिक बदल नोंदवणाऱ्या लष्करी आदेशाने, चढवलेली असतात. माझ्या पतींनी मुलीचे नाव तिच्या जन्मानंतर लगेच नोंदवले होते, पण इंग्रजीत लिहिताना शेवटी एक ‘ए’ जास्त पडला होता. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर तो नाही. घरात कोणाच्या लक्षातही न आलेल्या त्या एका अक्षरामुळे प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला असे सगळे नव्याने जमवावे लागले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार आहेत. त्यांनी जुनी नोंद आणि आधार शेजारी शेजारी ठेवले, पेनाच्या टोकाने ते अक्षर दाखवले आणि म्हणाले, “ताई, हे आत्ता दुरुस्त करून घ्या. प्रवेशाच्या गडबडीत हे होणार नाही.” मुलगी तेव्हा अकरावीत होती. त्यांचा हा सल्ला प्रत्येक कुटुंबाने मुले नववी-दहावीत असतानाच अमलात आणावा, असे मी मनापासून सांगेन.

खरी अडचण आली ती पावत्यांची. सवलतीच्या दाव्यात शिक्षण शुल्क, वसतिगृह शुल्क आणि अनामत वेगवेगळी दाखवावी लागते, कारण अनामत परत मिळणारी असल्यामुळे ती वजा होते. महाविद्यालयाने मात्र सगळ्याची मिळून एकच पावती दिली, ‘एकूण वार्षिक शुल्क’ एवढ्याच मथळ्याची. लेखा विभागाच्या खिडकीवर विचारले, तर “मॅडम, सिस्टीममधून अशीच पावती निघते” हे उत्तर प्रत्येक वेळी मिळाले. शेवटी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, त्याला सवलतीच्या आदेशाची प्रत जोडली आणि महाविद्यालयाच्या लेटरहेडवर बाबवार तक्ता, सही आणि गोल शिक्का असे प्रमाणपत्र मिळवले. तेव्हापासून दरवर्षी प्रवेशाच्या दिवशीच तोच तक्ता टाइप करून घेऊन जाते आणि सही घेऊनच परत येते.

आता पैशांविषयी. दाव्यातील मान्य बाबींची रक्कम पूर्ण मिळाली, त्यात एका रुपयाचीही काटछाट झाली नाही. खासगी महाविद्यालयाचे शुल्क आणि पुण्यातील वसतिगृह यांचा खर्च ज्याने भरला आहे, त्याला या वाक्याची किंमत कळेल. पंतप्रधान शिष्यवृत्तीची वर्षाची ३६,००० रुपये ही रक्कम माझ्या मुलीच्या वसतिगृहालाही पुरली नसती. पण सवलतीचा पैसा खर्चानंतर येतो. शुल्क ऑगस्टमध्ये आपल्या खिशातून भरायचे, पावत्या जमवायच्या, दावा पाठवायचा आणि मग वाट पाहायची. पहिल्या वर्षी पतसंस्थेतील मुदत ठेव मोडून शुल्क भरले, आणि दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची तारीख तोंडावर आली तेव्हा कुठे पहिल्या वर्षाची रक्कम खात्यात दिसली. माझ्याकडे मोडायला ठेव होती. जिच्याकडे ती नाही, सासरची मंडळी वेगळी झाली आहेत आणि घर फक्त निवृत्तिवेतनावर चालते, तिने ते शुल्क कोठून भरायचे? सरकारने उचललेला खर्च आधी विधवेने उसनवारीने उचलावा, ही या चांगल्या योजनेतील सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पात्रता एकदा सिद्ध झाल्यावर रक्कम थेट महाविद्यालयाच्या खात्यात जाण्याची सोय व्हायला हवी.

या योजनेवर एकदा मर्यादा घालण्यात आली होती, हेही सांगायला हवे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये शिक्षण व वसतिगृह शुल्क मिळून महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा लागू झाली. ज्या मुलांचे अभ्यासक्रम मध्यावर होते, त्यांच्या डोक्यावर एकाएकी मोठी रक्कम आली असती. तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी ही मर्यादा काढावी म्हणून संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले आणि मार्च २०१८ मध्ये ती मागे घेण्यात आली. आजही काही जण जुन्या माहितीवरून “दहा हजारांपर्यंतच मिळते” असे सांगतात आणि लोक त्यावर विश्वास ठेवून अर्जच करत नाहीत. कृपया तसे करू नये.

मुलाची शिष्यवृत्ती त्या मानाने सरळ गेली. बारावीला ६० टक्क्यांहून अधिक गुण, मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवीचे पहिले वर्ष आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे हाताशी असले की केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. जिल्हा कार्यालयाचा दाखला, महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि बँकेचे प्रमाणपत्र त्यांच्याच छापील नमुन्यात लागतात. साध्या कागदावरचे बोनाफाईड चालत नाही. अर्ज भरल्यावर मूळ कागद घेऊन जिल्हा कार्यालयात पडताळणी करावी लागते, ही पायरी अनेक मुले विसरतात. त्याच्या महाविद्यालयाचे शुल्क कमी, राहायला घर, त्यामुळे वर्षाच्या ३०,००० रुपयांत त्याचे शुल्क आणि पुस्तके भागतात. पुढच्या वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि त्याला दरवर्षी किमान ५० टक्के गुण आवश्यक आहेत. एका विषयात मागे राहिलेल्या मुलालाही ही अट जाचक होऊ शकते, हे घरात वेळीच बोलून ठेवावे.

एकाच मुलासाठी दोन्ही योजनांचा विचार असेल, तर अर्जाआधी जिल्हा कार्यालयात लेखी विचारून उत्तर फाइलला लावून ठेवावे. आम्ही एका मुलाला एक योजना असेच ठरवले. ज्यांचे शिक्षण घराबाहेर आणि महागडे आहे, त्यांनी कष्ट पडले तरी सवलतीच्याच मागे लागावे, असे मी सुचवेन. ज्यांचा खर्च थोडा आहे, त्यांना शिष्यवृत्ती सोयीची पडेल. बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळत नाही. ज्या कुटुंबाला शैक्षणिक सवलतही लागू नाही आणि सैनिकाचा हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा होता, त्यांनी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या शिक्षण अनुदानाची चौकशी करावी. हे अनुदान पहिलीपासून पदवीपर्यंत दोन मुलांना मिळते आणि ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने ते महिना १,००० वरून २,००० रुपये झाले आहे. त्यासाठीही जायचे ते त्याच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. जाताना पीपीओ, कॅज्युअल्टीचा दाखला, मुलांचे आधार आणि दहावीचे प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती सोबत न्याव्यात आणि झेरॉक्सचे दोन संच जास्तीचे ठेवावेत.