हवा काढायच्या पिशव्या: एक हिवाळा वापरून झाल्यावर

थंडीच्या ठिकाणी कॉलेजला निघाले होते, कपडे भरायला बसले आणि दोन जॅकेटं आणि एक जाड स्वेटर ह्यातच सूटकेस भरली. मग ह्या व्हॅक्यूमच्या पिशव्या मागवल्या, सहाचा सेट, चार मोठ्या दोन छोट्या, सोबत हातपंप. अख्खा हिवाळा काढून मग लिहितेय, कारण बाकीचे रिव्ह्यू पार्सल उघडलं त्याच दिवशीचे दिसतायत.

पहिल्यांदा वापरताना जाम मजा येते हे खरं. उशीएवढं फुगलेलं जॅकेट आत टाकलं, झिप दाबत नेली, पंप मारायला लागले तसं प्लास्टिक चुरगळत आत ओढलं गेलं, बाह्या बसल्या, जॅकेटची बटणं वरून उठून दिसायला लागली आणि शेवटी पिशवी पाटीसारखी कडक. आई म्हणाली, आता तूच बस आत, तिकीट वाचेल.

पण जागा झाली म्हणून मी भरतच सुटले आणि इथेच फसले. हवा निघते हो, वजन कुठे निघतं! विमानात एका बॅगेला बहुतेक ठिकाणी २३ किलो, आणि माझी सूटकेस आरामात बंद होऊन वर चार बोटं जागा शिल्लक, काट्यावर टाकली तर साडेसत्तावीस. रात्री बारा वाजता सगळं परत जमिनीवर. त्यात पहिला नंबर लागला जीन्सचा, चार घेतल्या होत्या, तीन काढल्या, आणि तिकडे गेल्यावर कळलं बरंच झालं, कारण बर्फात भिजलेली जीन्स लवकर वाळत नाही आणि ओली पायाला चिकटली की वाट लागते. सुती टीशर्टचंही तेच, घाम धरून ठेवतात आणि मग थांबलं की गार पडतं अंग. त्यापेक्षा मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे पातळ थर्मल घ्या, तीन जोड पुरतात, आणि पातळ असल्यामुळे त्यांना ह्या पिशव्या लागतच नाहीत!! जाडजूड स्वेटर मी तर दोनदाच घातला, वर्गात हीटर चालू असतो, तिथे जॅकेट काढून पातळ फ्लीसवर बसता आलं पाहिजे.

पिसांच्या जॅकेटबद्दल वेगळं सांगते कारण पिशवीवर कुठेच लिहिलेलं नाही. त्याची ऊब पिसांत अडकलेल्या हवेची असते आणि आपण नेमकी तीच काढून टाकतो. प्रवासापुरतं एकदोन दिवस चालतं, पण उन्हाळाभर दाबून ठेवू नका. माझं पोचल्यावर सुकलेल्या फुग्यासारखं दिसत होतं, होस्टेलच्या ड्रायरमध्ये कमी तापमानावर दोन टेनिस बॉल टाकून फिरवलं तेव्हा फुललं, आवाज मात्र असा की शेजारची मुलगी बघायला आली.

आता तक्रार. चारातल्या एका मोठ्या पिशवीची झिप कोपऱ्यात धरतच नव्हती, प्रवासात हवा शिरली आणि पोचेपर्यंत सूटकेस अशी फुगली की चेनचे दोन दात तुटले. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर, तुम्ही जास्त भरलंत. अहो अर्धी रिकामी होती! नंतर बघितलं तर झिपेत लोकरीचा एक धागा अडकलेला, म्हणजे थोडी चूक माझीपण असेल, पण तो धागा शोधायला मला भिंग लागलं नाही, तपासणाऱ्यालाही फोटोत दिसला असता.

अजून एक, विमानतळावर तपासणीला कोणी पिशवी उघडली तर पंप हाताशी हवा, नाहीतर सूटकेस परत बंद होणार नाही. म्हणून पुढच्या वेळी पंपवाल्या नाही, गुंडाळून हवा काढायच्या घेणार, गुडघ्याने दाबलं की झालं. आणि कपडे कडकडीत वाळलेले असल्याशिवाय भरू नका, माझ्या कानटोपीचा कुबट वास दोन धुण्यांत गेला.

बूट काही केल्या दबत नाहीत, ते आणि सगळ्यात जड जॅकेट अंगावरच घालून जा, घाम येईल, येऊ दे.

पाचात तीन स्टार. छोट्या दोन्ही पिशव्या अजून धडधाकट आहेत, मोठ्यांपैकी एक सध्या ओले बूट ठेवायला वापरतेय.