कॅमेऱ्याचा आवाज मागून येतो: सेटिंग बदलत बसावं की वायर ओढावी?

आईच्या खोलीतला कॅमेरा मी चोरांसाठी बसवला नव्हता. दिवसभर मी बाहेर आणि ती घरी एकटी, तेव्हा मधूनमधून डोकावता यावं, दोन शब्द बोलता यावेत, एवढाच हेतू होता. "आई, गोळी घेतलीस का?" असं विचारलं की तिचे ओठ हलताना दिसायचे, पण आवाज यायचा नाही. तिला ऐकू गेलं नसेल असं समजून मी पुन्हा विचारायचो. नेमकं तेव्हाच तिचं पहिलं उत्तर माझ्या कानावर पडायचं आणि तिकडे माझा दुसरा प्रश्न वाजायचा. "अरे, आत्ताच सांगितलं ना!" हे मी रोज ऐकत होतो, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता.

हे दुखणं असलेल्यापुढे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक म्हणजे कॅमेरा वायफायवरच ठेवायचा, कंपनीचं ॲपही तेच, फक्त सेटिंग नीट लावायची. दुसरा म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत केबल न्यायची, घरातच एक छोटा संगणक चालू ठेवायचा आणि गो२आरटीसीसारख्या मोफत प्रोग्राममधून कॅमेरा थेट बघायचा, म्हणजे कंपनीचा सर्व्हर आणि ॲप दोन्ही वाटेतून बाजूला होतात. पहिल्या रस्त्यावर मी दोनेक महिने काढले. दुसऱ्यावर येऊन आता वर्ष होत आलं.

त्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती हे ठरवून घ्या, कारण "आवाज उशिरा येतो" या एकाच वाक्यात दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. घरातल्या कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायला सांगा. हात जुळलेले दिसल्यावर मागून आवाज आला, तर चित्र आणि आवाज यांची जोडी फुटली आहे. दोन्ही एकदमच आले, पण प्रत्यक्ष टाळीच्या बऱ्याच वेळानं आले, तर जोडी शाबूत आहे, सगळंच उशिरा पोहोचतंय. जोडीच्या बाबतीत आपले कान तसे उदार असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची शिफारस सांगते की आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांनाच जाणवू लागतो, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत लक्षात येत नाही. ते पटण्यासारखंही आहे. लांबवर कुणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, त्याची आपल्याला सवय असते. संभाषणाचं गणित वेगळं आहे. त्याच संघाची टेलिफोनसाठीची शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सुखाचा मानते आणि ४०० च्या पुढे जाऊ नये म्हणते. आमच्याकडे तो सेकंदांत होता.

तुम्हाला फक्त रेकॉर्डिंग बघायचं असेल, तर एकूण उशिराची चिंता सोडून द्या. जोडी जुळली की काम झालं, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या रस्त्यावरच जुळते.

पहिल्या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त फरक कोडेक, म्हणजे आवाज-चित्र दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत, बदलल्यानं पडला. माझ्या कॅमेऱ्यात आवाजासाठी एएसी नावाचं कोडेक निवडलेलं होतं. एएसी एका वेळी आवाजाच्या १०२४ नमुन्यांचा, म्हणजे क्षणोक्षणीच्या मोजमापांचा, गठ्ठा बांधतं. कॅमेऱ्याचा माइक सेकंदाला ८००० नमुने घेत असेल, तर एक गठ्ठा भरायलाच १२८ मिलिसेकंद लागतात, आणि ॲप असे कितीतरी गठ्ठे हाताशी साठवून मगच वाजवायला सुरुवात करतं. जी.७११ हे जुनं, टेलिफोनचं कोडेक. ते बोलणं बारीक तुकड्यांत पाठवतं. आवाज थोडा टेलिफोनसारखा होतो, पण माणसाचं बोलणं नीट कळतं. त्याच्या जोडीला चित्रासाठी एच.२६५ या नव्या कोडेकऐवजी जुनं एच.२६४ निवडलं, "स्मार्ट कोडेक" नावाचं जे काही होतं ते बंद केलं, आणि फोनवर बघताना मुख्य स्ट्रीमऐवजी उपस्ट्रीम, म्हणजे कमी स्पष्टतेचं हलकं चित्र, लावली. वायफायचं चॅनलही बदललं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हीच एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनलं, त्यातलं आमच्या घरात सगळ्यात मोकळं होतं ते घेतलं. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली: मी ब्लूटूथ इअरफोन लावून ऐकत होतो. ब्लूटूथ स्वतःचा उशीर वर चढवतो. तपासताना फोनचाच स्पीकर वापरा.

एवढं केल्यावर मनात "एक, दोन, तीन" मोजावं लागायचं तिथे "एक" म्हणेपर्यंत आवाज येऊ लागला. एका संध्याकाळचं काम, पदरचं काही गेलं नाही, घरात एक खिळाही ठोकावा लागला नाही. इथे थांबणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. मीही थांबलोच होतो.

मला तिथून उठवलं ते उशिराच्या वाढण्यानं. सकाळी दहाला ॲप उघडून टेबलावर बाजूला ठेवलं की सगळं ठीक असायचं. दुपारी चारपर्यंत तेच ॲप तसंच चालू राहिलं, तर आवाज चित्राच्या कितीतरी मागे राहिलेला असायचा. आई खुर्चीवरून उठून दाराबाहेर गेलेली दिसायची, खोली रिकामी, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. ॲप बंद करून पुन्हा उघडलं की तासभर ठीक, पुन्हा तेच. ठरावीक उशिराची सवय होते हो. लांबच्या फोनवर बोलताना आपण आपोआप थांबून बोलायला शिकतो. पण दर तासाला बदलणाऱ्या उशिराची सवय कशी करणार?

एका दुपारी मोठ्यांदा काहीतरी पडल्याचा आवाज आला. दचकून स्क्रीनकडे बघितलं, तर आई खुर्चीत शांत बसलेली. मला वाटलं, खोलीत आणखी कुणी आहे, किंवा कॅमेऱ्याला दिसत नाही अशा कोपऱ्यात काही कोसळलंय. घाईघाईनं फोन लावला. तिची काठी पडली होती. ती वाकून काठी उचलून पुन्हा बसलीसुद्धा होती, आणि मला पडल्याचा आवाज आत्ता ऐकू आला होता. त्या वाकण्यात ती खरंच पडली असती, तर मी आवाज ऐकून चुकीच्या क्षणाचं चित्र बघत बसलो असतो. जो आवाज चित्राशी बांधलेला नाही, तो एकट्या माणसावर लक्ष ठेवायला कामाचा नाही, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं.

हे का होतं ते मग खोदून काढलं. वायफायचा सिग्नल क्षणभर अडखळला की हरवलेली पाकिटं (डेटाचे तुकडे) टीसीपी, म्हणजे डेटा पोहोचवण्याची ती पद्धत, पुन्हा पाठवते आणि मागची सगळी तोवर रांगेत थांबतात. रांग सुटल्यावर चित्राच्या काही फ्रेम गाळून ॲप चित्राला पुढे आणतं, कारण चार फ्रेम गळाल्या तरी डोळ्याला खटकत नाही. आवाज मात्र कापला तर लगेच कानाला टोचतो, म्हणून तो पूर्ण वाजवला जातो. म्हणजे प्रत्येक अडखळीचा उशीर आवाजाच्या खात्यात जमा होत जातो. त्यात दुसरी एक बारीक गोष्ट मिळते. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ कधीच तंतोतंत एका वेगानं चालत नाहीत. दहा लाखांत फक्त ५० चा फरक असला, तरी २४ तासांत चार सेकंदांहून जास्त अंतर पडतं, आणि वाजवणारा प्रोग्राम ते भरून काढत नसेल तर ते पडूनच राहतं. कॅमेऱ्यातली कुठलीच सेटिंग या दोन्हींना हात लावत नाही.

दुसऱ्या रस्त्यावर मी आधी केबल न ओढता नुसता प्रोग्राम लावून पाहिला. जुना लॅपटॉप, त्यावर गो२आरटीसी, त्याला कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (चित्र-आवाज थेट मागवायचा पत्ता) दिला, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये वेबआरटीसीनं, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या तंत्रानं, बघायला लागलो. वेबआरटीसी मुळातच बोलण्यासाठी बनलेलं आहे. आवाज मागे राहतोय असं दिसलं की ते तो कळत नकळत थोडा भरभर वाजवून अंतर भरून काढतं, रांग साचू देत नाही. शिवाय जी.७११ त्याला जसंच्या तसं चालतं, एएसी चालत नाही, त्यामुळे पहिल्या रस्त्यावर केलेला कोडेकचा बदल इथेही उपयोगी पडला. उशीर वाढायचा थांबला. पण संध्याकाळी, सगळी घरी आल्यावर, वायफायवर गर्दी झाली की आईचे शब्द मध्येच तुटायचे. "गोळी घेत..." इतकंच ऐकू आलं, तर घेतली की घेते आहे?

मग केबल ओढली, आणि तुटणं गेलं. माझ्या कॅमेऱ्याला लॅनचं भोक होतं म्हणून सोपं झालं. तुमच्या कॅमेऱ्याला पीओई असेल तर आणखी उत्तम, त्याच तारेतून वीजही जाते आणि ॲडॉप्टरची गरज उरत नाही. एका केबलची मर्यादा १०० मीटर, घरात ती आड येत नाही.

या रस्त्याचा त्रासही सांगायला हवा. बघणं आणि ऐकणं एका दुपारी जमलं, पण माझा आवाज आईपर्यंत पोहोचवायला दोन रविवार गेले. पान एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) नसेल तर ब्राउझर माइक उघडूच देत नाही, हे कळायलाच पहिला रविवार गेला. कॅमेराही उलट्या दिशेचा आवाज स्वीकारणारा हवा. ओएनव्हीआयएफ या कॅमेऱ्यांच्या सामाईक मानकाच्या 'प्रोफाइल टी'मध्ये त्याची सोय आहे, पण ती आपल्या कॅमेऱ्यात खरोखर आहे का हे माहितीपत्रकात नीट बघून घ्या. बाहेरून बघण्यासाठी वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट, लावावा लागला. राउटरवर कॅमेऱ्याचा पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो, आईच्या खोलीचा प्रश्न आहे. आणि तो छोटा संगणक बंद पडला तर बघणारं कुणी घरात हवं. कंपनीचं ॲप बहिणीच्या फोनवर दोन मिनिटांत चालू झालं होतं, या रचनेत तिला मी प्रत्यक्ष बसून सगळं लावून दिलं.

तिसरा पर्यायही आहे, तो थोडक्यात. फक्त बोलायचंच असेल, तर कॅमेरा बघण्यापुरता ठेवा आणि बोलण्यासाठी उशाशी आपोआप उचलला जाणारा फोन ठेवा. तो कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा बरा बोलतो. आमच्याकडे आईला तो सारखा वाजणं नको होतं.

दारावरचा कॅमेरा असेल, दिवसातून दोनदा अर्धा मिनिट बोलणं होत असेल, तर पहिल्या रस्त्यावर तुमचं भागेल असं मला वाटतं, कारण ॲप दर वेळी नव्यानं उघडतं आणि उशीर साचायला वेळच मिळत नाही. तासन्‌तास चालू ठेवायचं असेल, समोर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर मी वायर ओढेन. प्रत्येकाच्या घराची आणि वायफायची तऱ्हा वेगळी असते, हे मान्य. तरी मला पुन्हा निवडायला सांगितलं, तर ते पहिले दोन महिने मी सेटिंगमध्ये घालवणार नाही.

फक्त भिंतीला हात लावण्याआधी एक करा. लांब केबल एका दिवसापुरती जमिनीवरूनच, कुणी अडखळणार नाही अशी कडेनं टाका, लॅपटॉप जोडा, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चित्र बंद न करता चालू ठेवा. सकाळी एक टाळी, रात्री एक टाळी. आमच्याकडे रात्री नऊला मी बाहेरच्या खोलीतून फोनवर बघत होतो आणि आईला टाळी वाजवायला सांगितली. सकाळसारखाच, हात जुळताक्षणी आवाज आला. "झालं का रे तुझं?" तिनं विचारलं, आणि तेही तिच्या ओठांबरोबरच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी भिंतीला भोक पाडलं.