मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४: डोंगरदऱ्यांत आपला ठावठिकाणा सांगण्याच्या सरावासाठी कितपत उपयोगी?

जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाल्यापासून माझ्या ओळखीतली अनेक मुले-मुली वैमानिक होण्याची भाषा करू लागली आहेत आणि संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणारा हा सिम्युलेटर घ्यावा का, असे मला वारंवार विचारले जाते. त्यातील दृश्ये देखणी आहेत, त्यावर पुन्हा लिहिण्याची गरज नाही. मी तो एकाच कसोटीवर तपासला: जिथे नियंत्रण मनोरा नाही आणि रडारची नजर पोचत नाही, अशा डोंगराळ उद्यानावरून उडताना आपण कुठे आहोत हे इतर वैमानिकांना नेमके सांगणे आणि त्यांच्या वाटेतून दूर राहणे, ही शिस्त यातून अंगी बाणते का? माझी मावसबहीण रेडिओ टेलिफोनीच्या (विमानातून रेडिओवर बोलण्याच्या) परीक्षेची तयारी करत असल्यामुळे हा सराव आम्ही दोघे, आपापल्या घरातून, एकत्र करतो.

सरावासाठी आम्ही अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यान निवडले. लगतच्या संरक्षित क्षेत्रासह त्याचा विस्तार सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या सोलापूर जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक, आणि मधोमध २०,३१० फुटांचे शिखर उभे आहे. टॉकीटना या गावातून पर्यटकांना आणि गिर्यारोहकांना घेऊन बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या (स्की) लावलेली छोटी विमाने निघतात व थेट हिमनदीवर उतरतात. या सर्वांची वाट थोड्याच दऱ्यांतून आणि खिंडींतून जात असल्यामुळे आकाश मोठे असूनही विमाने एकाच अरुंद पट्ट्यात येतात. त्यांना वेगळे ठेवणारा नियंत्रक नसतो. सामायिक फ्रिक्वेन्सीवर प्रत्येकाने आपला ठावठिकाणा सांगायचा आणि दुसऱ्याचा ऐकायचा, एवढीच व्यवस्था.

या बाबतीत सिम्युलेटरचे खरे मोल आहे ते भूगोलात. काहिल्टना हिमनदी सुमारे ७० किलोमीटर लांब आहे. ‘काहिल्टनावर आहे’ असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘काहिल्टना तळछावणीच्या दक्षिणेस तीन मैल, नऊ हजार फूट, उत्तरेकडे, तळछावणीवर उतरणार’ असे म्हटले की ऐकणारा नकाशावर बोट ठेवू शकतो. आमचा सराव याच बोटावर बेतलेला आहे: एकाने उडायचे आणि बोलायचे, दुसऱ्याने पडदा न पाहता केवळ ऐकून कागदी नकाशावर खूण करायची, आणि मग ती खूण विमानाच्या खऱ्या जागेशी ताडून पाहायची. खूण चुकली तर दोष बहुतेक वेळा उंची किंवा दिशा गाळण्याचा असतो. हिमनदीचे फाटे, खिंडी आणि कडे सिम्युलेटरमध्ये इतके विश्वासू उतरले आहेत की रूथ हिमनदीची सुमारे दीड किलोमीटर रुंदीची घळ आता आम्ही नकाशाशिवाय ओळखतो. नवशिक्यांनी मात्र सुरुवात घरच्या मुलखातून करावी. हिप्परगा तलाव, तुळजापूरचा घाट, उजनीचा जलाशय ही ठिकाणे वरून ओळखता येतात, आणि ओळखीच्या नावांवर जीभ एकदा वळली की परक्या नावांची भीती उरत नाही.

दरीतून उडण्याचा एक नियम आपल्याला मुद्दाम गिरवावा लागतो. समोरासमोर आलेल्या विमानांनी उजवीकडे वळायचे असते, आणि म्हणून दरीतही उजव्या कडेने जाण्याचा प्रघात आहे. तसे केल्यास परत फिरण्यासाठी दरीची जवळजवळ सगळी रुंदी डाव्या हाताला मोकळी राहते. होटगी रस्त्यावर जन्मभर डावीकडून गाडी चालवलेल्या माणसाचा हात सुरुवातीला उलट ओढतो आणि ही ओढ मोडण्यासाठी सिम्युलेटर हे उत्तम व निर्धोक साधन आहे, असे मी खात्रीने म्हणतो.

नजरेने विमान शोधण्याच्या बाबतीत मात्र तो उणा पडतो. सुमारे ६० अंशांचे दृश्य दाखवणाऱ्या, १९२० ठिपके (पिक्सेल) रुंदीच्या पडद्यावर दोन किलोमीटर अंतरावरच्या सेसना १७२ या छोट्या विमानाचे ११ मीटरचे पंख जेमतेम दहा ठिपके व्यापतात आणि तिचे शरीर दोनेक ठिपक्यांत संपते. प्रत्येकी १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधले अंतर सेकंदाला शंभर मीटरहून अधिक घटते, आणि अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या हिशेबानुसार दुसरे विमान दिसल्यापासून आपले विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात. एवढ्या वेळात ती दोघे सव्वा किलोमीटरहून अधिक जवळ आलेली असतात. शिवाय धडकेच्या मार्गावरचे विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते, त्यामुळे नजर त्यावर अडखळत नाही. सिम्युलेटर इतर खेळाडूंच्या विमानांवर नावाच्या पाट्या लावून ही अडचण झाकतो. त्या पाट्या बंद करूनच सराव करावा.

याहून मोठी खोट विमानातल्या पडद्याची आहे. सिम्युलेटरमधील जी१००० उपकरणावर आसपासची विमाने दिसतात. माझ्या अनुभवात तर कड्याआड गेलेले विमानही तिथे ठळक राहते. वास्तवात एडीएस-बी या, विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेचे संदेश सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. १३ मे २०१९ रोजी अलास्कातच, केचिकानजवळ, पर्यटकांना घेऊन परतणारी दोन विमाने हवेत धडकली आणि सहा जण मरण पावले. दोन्ही विमानांत एडीएस-बी होते. परंतु एका विमानातून उंचीची माहिती प्रसारित होत नव्हती, त्यामुळे दुसऱ्या विमानातील, आसपासची विमाने दाखवणाऱ्या अ‍ॅपकडून इशारा मिळणे शक्य नव्हते. शिकणाऱ्याला असा भरवशाचा पडदा रोज दाखवणे मला घातक वाटते, आणि पुढच्या सुधारणेत निर्मात्यांनी निदान डोंगराचा अडथळा तरी दाखवावा, अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे.

अंगभूत रेडिओ संवादाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ठराविक वाक्यांची यादी समोर येते, ती धावपट्टीभोवतीच घोटाळते, आणि दरीच्या मध्यावर असताना आपल्या शब्दांत काही सांगायची सोय त्यात नाही. ही उणीव व्हॅटसिम हे सिम्युलेटर उडवणाऱ्यांना इंटरनेटवरून जोडणारे विनामूल्य जाळे भरून काढते. तिथे खरी माणसे उडतात आणि नियंत्रक नसलेल्या भागात बहुतेक ठिकाणी १२२.८०० या सामायिक फ्रिक्वेन्सीवर एकमेकांना आपले स्थान कळवतात. कोणीतरी ऐकत आहे ही जाणीव असली की बोलण्यातला पाल्हाळ आपोआप गळतो. माझी बहीण आता बोलण्याआधी काही क्षण ऐकते. ही सवय तिला सिम्युलेटरने नव्हे, त्या जाळ्यावरच्या अनोळखी वैमानिकांनी लावली.

यंत्राची मागणी जड आहे: किमान १६ जीबी रॅम लागते, चांगले ग्राफिक्स कार्ड लागते, आणि भूप्रदेश इंटरनेटवरून उतरत असल्यामुळे जोडणी वेगवान हवी. संध्याकाळी आमच्या भागात वेग घटला की कडे गुळगुळीत, ओळख न पटणारे दिसू लागतात, आणि खुणांवर आधारलेला सराव तिथेच थांबवावा लागतो. म्हणून आम्ही पहाटेची वेळ धरतो. हा सिम्युलेटर एक्सबॉक्सवरही चालतो, परंतु व्हॅटसिमला जोडणारा व्हीपायलट हा प्रोग्राम केवळ विंडोज संगणकावर चालतो. ज्यांना ठावठिकाणा सांगण्याच्या सरावासाठीच हा खर्च करायचा आहे, त्यांनी संगणकावरचीच आवृत्ती घ्यावी.